डबी तीनदा वाजायची

पहिलाच घोट त्यानं मोरीत थुंकला. थुंकण्याचं त्याला नवल नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तो थुंकण्याचाच पगार घेत आला होता. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, सात मोजायचे, थुंकायचं, आकडा लिहायचा. पण ते कारखान्यात. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं केलेला चहा त्यानं जन्मात थुंकला नव्हता. गोड! आणि गोड म्हणजे काय, तर अंगावर धावून येणारं गोड. आधी त्यानं जिभेचं टोक धरलं, मग ते दाढांच्या मुळाशी जाऊन बसलं, आणि घोट बाहेर पडल्यावरही, यजमान जांभया देत असताना न उठणाऱ्या पाहुण्यासारखं टाळ्याला चिकटून राहिलं. त्यानं चूळ भरली. पाणीसुद्धा गोड लागलं. सकाळचे सात वाजले होते, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसत होती, तिच्या अंगावरचे नळ, तिच्या गॅलऱ्यांतल्या वाळत घातलेल्या चादरी, सगळं कालच्यासारखंच होतं, आणि त्याच्या तोंडात काहीतरी बिघडलं होतं.

वास्तविक त्यानं वेगळं काही केलं नव्हतं. बायको काल संध्याकाळच्या गाडीनं बहिणीकडे गेली होती; बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन, दोन दिवसांची बात. जाताना दारातून तिनं विचारलं होतं, "चहा तेवढा करून घ्याल ना, की तोही शेजारी मागाल?" आणि त्यानं "मला काय हात नाहीत का" म्हणून दार लावलं होतं. हात होते, सवय नव्हती. पण चहात काय कळायचंय? पाणी, पत्ती, दूध आणि तीन गोळ्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी "काठावर आहात, आता साखर बंद" म्हणून बजावलं, तेव्हापासून घरात गोळ्यांची डबी आली होती. आली होती म्हणजे त्यानंच आणली होती, त्याच्याच कारखान्यातली. बोटाएवढी पांढरी डबी, डोक्यावर बटण. दाबलं की टक वाजतं आणि खालून मसुरीएवढी एक गोळी पडते. एक गोळी म्हणजे एक चमचा साखर, असं डबीवर लिहिलेलं. तो पूर्वी तीन चमचे घ्यायचा, म्हणून तीन गोळ्या. सकाळी तो बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसायचा आणि आतून आवाज यायचे: टक, टक, टक. मग चमच्याची किणकिण. मग कप. हा क्रम इतका अंगात मुरला होता, की तिसरा टक झाला की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

आज ओट्यावरची डबी त्यानं उचलली, कपावर धरली, तीनदा दाबली. टक, टक, टक. खाली काही पडलं नाही. हलवून बघितली, रिकामी. संपली असेल म्हणून त्यानं कपाट उघडलं, आणि वरच्या फळीवर, मिठाच्या पुड्यामागे, नऊ डब्या एका रांगेत उभ्या होत्या. नऊच्या नऊ सीलबंद. दर महिन्याच्या एक तारखेला कारखान्यात प्रत्येकाला एक डबी फुकट मिळायची; तो ती आणून ओट्यावर ठेवायचा आणि विसरायचा. एक त्यानं फोडली, तीन गोळ्या टाकल्या, ढवळलं, घोट घेतला आणि थुंकला. आणि आता तो मोरीपाशी उभा राहून हिशोब करत होता. डबीत दोनशे गोळ्या. दिवसाला दोन चहा, सहा गोळ्या. डबी महिनाभर पुरते. नऊ डब्या बंद, म्हणजे नऊ महिने या घरात कुणी डबी फोडलेली नाही. नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतो. इथं नऊ महिने काय शिजत होतं? चहा तर रोज गोडच होता. त्यानं स्वतः कितीदा म्हटलं होतं, "आज चहा फक्कड झालाय." गोळी नव्हती, तर गोड कशानं?

त्यानं साखरेचा डबा काढला. पाहुण्यांसाठी असायचा तो डबा. झाकण घट्ट बसलेलं. उपटून काढलं, तर आत साखरेची ढेकळं झालेली, दगडासारखी. आणि त्याच्या शहाण्या डोक्यात लगेच उजेड पडला: ओला चमचा सारखा सारखा घातला की साखरेचे असेच गोळे होतात. रोज सकाळी. रोज संध्याकाळी. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि पाय म्हटल्यावर, अर्थातच, बाप आठवला.

बापाला साखर होती. त्या काळी असंच म्हणायचे, जणू काही मालमत्ताच आहे: "त्यांना साखर आहे हो." बाप शिंपी होता. पायानं चालवायचं मशीन, त्याचं लोखंडी पायडल, त्यावर बापाचे दोन अनवाणी पाय दिवसभर वरखाली. घराला त्या खडखडीशिवाय झोप लागत नसे. डॉक्टरांनी साखर तोडली, तेव्हा एका काळ्या बाटलीत बारीक पांढऱ्या गोळ्या आल्या. त्यांची चव पत्रा चाटल्यासारखी. बाप पहिला घोट घेऊन म्हणाला होता, "हा चहा नाही, हे कुलूप चाटणं आहे." आणि चार दिवसांनी अचानक तो काही बोलेनासा झाला. मुकाट्यानं चहा प्यायचा, वर मिशा पुसायचा. त्याचं कारण एके दुपारी स्वयंपाकघराच्या दारात याला दिसलं. आई एका हातानं बाटली खळखळ वाजवत होती, बाहेर ऐकू जाईल अशी, आणि दुसऱ्या हातानं कपात साखर घालत होती. याला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. "मशीन चालवून चालवून थकतात रे. एवढं एक सुख कशाला काढून घ्यायचं?" दीड वर्षानं बापाचा उजवा पाय घोट्यापासून काढला. खडखड बंद झाली. वर्षभरानं बापही बंद झाला. तेव्हापासून हा आईशी बोलला, तिचं सगळं केलं, तिला शेवटपर्यंत सांभाळलं; पण तिच्या हातचा चहा मात्र पुन्हा घेतला नाही. तिनंही कधी विचारलं नाही. आईनं साखरेनं बापाला मारलं, हे वाक्य त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. फक्त एकदा, लग्नानंतर पहिल्या वर्षी, अंधारात, बायकोला सगळी गोष्ट सांगितली होती, बाटलीच्या खळखळीसकट. आणि तीच बायको! घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. इथं तर चूलही तीच आणि चहाही तोच.

कारखान्याच्या रस्त्यानं चालताना तो सारखा उजव्या पायाकडे बघत होता. अंगठा हलतोय का? बुटात हलवून बघितला. हलत होता. बापाचाही हलतच होता की. चार वाजता रिपोर्ट मिळणार होता. बायकोनंच महिनाभर मागे लागून रक्त द्यायला लावलं होतं: "दोन वर्षं झाली, आता तरी सुई टोचून घ्या. भूत आहे की नाही, ते दिवा लावल्याशिवाय कसं कळणार?" म्हणजे स्वतः साखर घालायची आणि वर दिवाही लावायला सांगायचा. कमाल आहे. रिपोर्ट वाईट आला, तर पाय पुढची गोष्ट, आधी नोकरी. चाखणाऱ्याला शुगर असली, की त्याला चाखण्याच्या खोलीतून उठवून पॅकिंगला पाठवायचे, असा कारखान्याचा नियम होता. साखरेचा पर्याय बनवणारा कारखाना, आणि साखरेचा रोगी मात्र त्यांना दारात नको. यात काही विनोद आहे, हे ती माणसं सोडून सगळ्यांना कळायचं. अठ्ठावीस वर्षांची जीभ, जिच्यामुळे अख्खा कारखाना त्याला 'जीभकाका' म्हणायचा, ती खोक्यांच्या पट्ट्यांना गोंद लावायला. पण त्याला खरी टोचणी त्याहून खोल होती. नऊ महिने ही जीभ साखर आणि गोळी यांतला फरक ओळखू शकली नाही. बायकोनं फसवलं, ते एक वेळ ठीक. जीभ कशी फसली? बापाचंही आधी तोंडच गेलं होतं. शेवटी शेवटी त्याला सगळंच मातकट लागायचं. जीभ, मग पाय, मग माणूस. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण मोडते मात्र तीच आधी.

चाखण्याची खोली म्हणजे सात कप्पे, शाळेतल्या स्वच्छतागृहासारखे आडोसे घातलेले. प्रत्येक कप्प्यात एक स्टूल, थुंकायचं भांडं, कोमट पाण्याचा ग्लास, बिनमिठाची बिस्किटं आणि समोर खिडकीएवढं झडपेचं दार. वर लाल दिवा, म्हणजे पेयाचा रंग कळू नये. झडप उघडते, तीन कप आत सरकतात, प्रत्येकावर तीन आकडी नंबर. तिघांत दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला, एवढंच सांगायचं. ही परीक्षा त्यानं हजारदा दिली होती आणि आवडीनं दिली होती. चाखण्याच्या आधी दोन तास काही खायचं नाही, कारखान्यात चहा नाही, तंबाखू नाही, वासाचा साबण नाही; हे सगळं तो एखाद्या गवयानं गळा जपावा तसं पाळायचा. बाहेर कुणाकडे चहाला जात नसे. घरचे दोन कप, बस. पर्यायांची सगळी जात त्याला शेपटीवरून ओळखू यायची. एकाची शेपूट पत्र्याची. एक गोडी उशिरा येते आणि उशिरा जाते, भाडेकरूसारखी. एक तोंड गार करते आणि जास्त खाल्ली तर पोट ढिलं करते. आणि ती एका गोड झुडपाच्या पानाची पावडर, जिच्यावर सध्या मोठ्या साहेबांचा जीव जडला होता, ती मागे ज्येष्ठमधासारखं कडवट काहीतरी ठेवून जायची.

आज तीच होती. प्रयोगशाळेच्या बाई, त्याच्या मुलीच्या वयाच्या, सकाळीच सगळ्यांना सांगून गेल्या होत्या: या मिश्रणात आणि साखरेत चाखणाऱ्यांना फरक सापडला नाही, तर डबीवर मोठ्या अक्षरांत छापायचं, 'अगदी साखरेसारखी, शंभर टक्के नैसर्गिक'. नैसर्गिक या शब्दानं त्याचं डोकं फिरायचं. साप चावतो तोही नैसर्गिकच. मध नैसर्गिक, गूळ नैसर्गिक, फळांचा रस नैसर्गिक, आणि शुगरवाल्याच्या रक्तात गेल्यावर तिघंही साखरेसारखेच नाचतात. पण लोकांना शब्द हवा असतो. शब्द जिभेवर ठेवला, की खालची वस्तू गिळली जाते. आणि कृत्रिम म्हटलं, की तीच माणसं भूत बघितल्यासारखी पळतात. आज पेपरात येतं की यानं अमुक रोग होतो, उद्या येतं की इतक्या थोड्यानं काही होत नाही, आणि या दोन पेपरांच्या मध्ये बसून बिचारा माणूस चहा ढवळत राहतो.

झडप उघडली. ५८२, ४१७, ९०३. पहिला कप: अतोनात गोड. दुसरा: अतोनात गोड. तिसरा: तसाच. त्याच्या कपाळाला घाम फुटला. सगळं सारखं, सगळं गोड, सकाळच्या चहासारखं. गेली जीभ. त्यानं बिस्किट चावलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले. पुन्हा ५८२. सात मोजले. पुन्हा ४१७. सहाव्या अंकाला, जिभेच्या अगदी मागे, कुणीतरी पाऊल न वाजवता खोलीतून निघून जावं तसं ते कडवट काहीतरी गेलं. त्यानं ४१७ लिहिलं. आणि मग, का कोण जाणे, खाली लिहिलं: तिन्ही कप गरजेपेक्षा जास्त गोड आहेत.

बाई अर्ध्या तासानं कागद घेऊन आल्या. "काका, शेरा लिहायची जागा नाही ही."

"मग खोडा."

"खोडते. पण ऐका तरी. सातांत तुम्ही एकटेच बरोबर. बाकी सहांना काही कळलं नाही." त्या आडोशाला टेकल्या. "मोठे साहेब वैतागलेत. म्हणाले, या माणसाची जीभ आहे की सीआयडी?"

त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "खरंच बरोबर आलं?"

"म्हणजे काय! पण एक विचारू? गेले चारपाच महिने तुम्ही प्रत्येक नमुन्याला 'जास्त गोड' म्हणताय. सगळंच गोड लागतंय हल्ली. प्रेमातबिमात पडलात की काय?"

"या वयात माणूस जिन्यावरून पडतो, बाई."

त्या हसत निघून गेल्या. तो मात्र स्टुलावर बसूनच राहिला, लाल दिव्याखाली, हातात कोमट ग्लास धरून. गणित सुटत नव्हतं. एका पानाची चिमूटभर शेपूट ज्या जिभेनं पकडली, ती जीभ घरी नऊ महिने काय करत होती? झोपली होती? की घरी गेल्यावर तो ती डगल्याबरोबर खुंटीलाच टांगत होता? त्याला आठवेना, शेवटचा कुठला चहा त्यानं खरोखर चाखला होता. पेपर आठवला, तीन टक आठवले, कपाचा गरमपणा आठवला. चव आठवेना. आणि मग बापाचं तोंड आठवलं, मिशा पुसणारं. बापाला तरी कुठं कळलं होतं? का त्याला सगळं कळत होतं, आणि तो बाटलीची खळखळ ऐकून मनातल्या मनात हसत होता?

रिपोर्ट मिळायची जागा म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खाली औषधांचं दुकान, वर डॉक्टर, मध्ये पत्र्याच्या खुर्च्यांची रांग. काचेमागच्या मुलीनं मान वर न करता पाकीट सरकवलं. त्यानं ते उघडलं नाही. नोकरी, जीभ, पाय, बायको, सगळं त्या पाकिटात घडी घालून ठेवलं होतं, आणि ते हाताला अगदी हलकं लागत होतं. तो तसाच वर गेला. डॉक्टर म्हातारे, जाड भिंगांचे, रोग्याला चुकलेला विद्यार्थी समजणारे. त्यांनीच पाकीट फाडलं, कागद नाकाशी धरला, आणि ओळ न ओळ वाचत राहिले. तेवढ्या वेळात त्यानं बुटात अंगठा पंधरावीसदा हलवला.

"काय सोडलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"खोटं बोलू नका. दोन वर्षांपूर्वी सहा पॉइंट तीन होती. तीन महिन्यांची सरासरी आता पाच पॉइंट पाच. काठ सोडून चांगले आत आलात. काय सोडलंत?"

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पण डॉक्टर, मी नऊ महिने साखरेचा चहा पितोय."

"कोण म्हणतं?"

"मी."

"रक्त म्हणत नाही. बिस्किटं खाता?"

तो थांबला. पूर्वी तो चहाबरोबर क्रीमची अर्धा पुडा बिस्किटं संपवायचा. "नाही. म्हणजे, नकोशी वाटतात हल्ली. फार गोड लागतात."

"संध्याकाळी चालता?"

"बायको ओढून नेते."

"मग तुम्ही काही सोडलं नाहीत," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "कुणीतरी सोडवलंय."

तो उठायला हवा होता, पण उठला नाही. एवढ्या वर्षांत जे कुणाला विचारलं नव्हतं, ते आज सहज बाहेर पडलं. त्यानं बापाचं सांगितलं, बाटलीचं, आईचं, पायाचं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि फटकन म्हणाले, "चहातल्या साखरेनं पाय तुटत नाही हो. साखर वाढली असेल, नाही कोण म्हणतंय, चूकच ती. पण पाय जातो तो जखमेनं. जखम कधी झाली, कुणाला कधी कळली?"

आणि त्याच्या आत कुठंतरी गंजलेलं पायडल एकदा खडखडलं. कारण ते त्याला माहीत होतं. जखम अंगठ्याला झाली होती, पायडलच्या लोखंडी कडेनं घासून. बापाला दुखत नव्हती, म्हणून बाप तिला चिंधी बांधून मोजा चढवायचा. आणि ती चिंधी याला दिसली होती. एकोणीस वर्षांचा घोडा होता तो तेव्हा. बाप म्हणाला होता, "आईला सांगू नकोस, उगीच बोंब मारील. हंगामाची शिलाई आहे, एवढी संपू दे." आणि यानं सांगितलं नाही. महिनाभर. वास यायला लागेपर्यंत. एवढी वर्षं त्यानं साखरेचा चमचा आईच्या हातात घट्ट धरून ठेवला होता, कारण तो तिच्या हातातून सुटला असता, तर चिंधी याच्या हातात आली असती.

"महिनाभर लपवली होती," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ते चिंधी बांधलीय एवढंच. पुढचं तेव्हा कितीतरी डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. त्या घरात तिघं होती आणि तिघंही एकमेकांना जपत होती. जपता जपता माणसं मारतात कधीकधी. सोडा आता ते." कागद परत पाकिटात घालत त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या गोळ्यांच्या कारखान्यात ना? खरं सांगू का? तुमच्या गोळीनं कुणी मरत नाही आणि तुमच्या गोळीनं कुणी बरंही होत नाही. ती काठी आहे. पाय बरा होईपर्यंत काठी घ्यावी, नंतर कोपऱ्यात ठेवावी. लोक काठीशीच लग्न लावून घेतात."

जिन्याच्या मधल्या वळणावर उभं राहून त्यानं बायकोला फोन लावला.

"हं, बोला. चहा घेतलात का?"

"घेतला. थुंकला."

"का? दूध नासलं?"

"कपाटात नऊ डब्या आहेत."

मागून तिच्या बहिणीचा आवाज आला, "कोण गं?" "अगं हेच," बायको म्हणाली, आणि मग फोनमध्ये, "सापडल्या वाटतं."

"साखर घालत होतीस?"

"साखर? वेड लागलंय का तुम्हाला! त्या साखरेचा दगड झालाय डब्यात, कुणी हात लावलाय तिला?"

"मग काय घालत होतीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही हो! नुसता चहा." ती आता हसू दाबत होती, हे त्याला श्वासावरून कळलं. "वर्ष झालं सुरुवात करून. आधी तीनाच्या अडीच केल्या, सुरीनं अर्धी तोडून. मग दोन. दर महिन्याला अर्धी कमी. तुम्ही काही म्हणाला नाहीत. मग म्हटलं बघू तरी कुठवर जातं. गेले सहा महिने एकही नाही."

"आणि तो आवाज? टक, टक, टक?"

"रिकाम्या डबीचा. ती काय, वाजायला गोळी मागते थोडीच?"

तो जिन्याच्या पायरीवर खालीच बसला. वरून उतरणारी एक म्हातारी त्याला वळसा घालून गेली, काय झालं असेल याला, अशा नजरेनं.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर प्यायला असतात? जीभकाका ना तुम्ही! चार लोकांत मिरवता. पहिल्याच दिवशी म्हणाला असतात, अळणी आहे, टाक गोळी. एकदा नुसता आवाज करायचा राहिला, आठवतंय? दिवाळं निघाल्यासारखं तोंड केलंत. 'आज चहात काहीतरी कमी आहे' म्हणे. दुसऱ्या दिवशी वाजवली, तर 'आज फक्कड.'" तिला आता हसू आवरेना. "आणि अक्कल काही माझी नाही हं. सासूबाईंची. तुम्हीच नाही का सांगितलं होतंत, बाटली कशी खळखळ वाजवायच्या त्या? त्यांनी वाजवून घातली, मी वाजवून काढली, एवढाच फरक."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. रागाचं एक वाक्य सकाळपासून पॉलिश करून ठेवलेलं होतं, चांगलं धारदार. ते शोधायला गेला, तर जागेवर नव्हतं. त्याऐवजी पोटातून एक हसू वर येत होतं, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अठ्ठावीस वर्षांची जीभ कानानं चहा पीत होती. बापही कानानंच प्यायचा. आणि आई, काळी बाटली हातात घेऊन दारात उभी असलेली आई, ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच त्याला ते बोट गुन्ह्याचं वाटलं नाही. खेळाचं वाटलं. हरलेल्या खेळाचं, पण खेळाचं.

"रिपोर्ट आणलात का?" बायकोचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणजे तीही दिवसभर त्याच पाकिटात बसलेली होती तर.

"पाच पॉइंट पाच."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "हं," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी येते. जेवून घ्या नीट."

त्या संध्याकाळी तो मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, दोन्ही पाय नीट टाकत घरी गेला. कोपऱ्यावरच्या बेकरीतून साधा पाव घेतला आणि चालता चालता तोडून खाल्ला. पाव गोड होता. साखर नव्हे, पिठाचंच, चावता चावता उगवणारं, कुणी न सांगता येणारं गोड. हे कधीपासून होतं? रात्री कांदा चिरून तव्यावर टाकला, तर तोही गोड. नुसतं दूध गोड. त्याला वाटलं, आपलं तोंड म्हणजे वर्षानुवर्षं मोठ्यानं रेडिओ लावलेली खोली होती. कुणीतरी हळूहळू, रोज थोडा थोडा, तो लहान करत नेला, आणि आता शेजारच्या खोलीतली माणसं बोलताना ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बिनगोळीचा चहा केला आणि पेपर न उघडता, भिंतीकडे तोंड करून, एक एक घोट, सात मोजत प्याला. चहा चहासारखा लागला. कारखान्यात बाईंनी पुन्हा तेच तीन कप वेगळ्या नंबरांनी पाठवले, मोठ्या साहेबांच्या हुकमावरून. त्यानं पुन्हा वेगळा कप दाखवला आणि पुन्हा खाली तोच शेरा लिहिला. या वेळी बाईंनी तो खोडला नाही. "निम्म्यावर आणून बघू का काका मिश्रण?" एवढंच म्हणाल्या. "सावकाश आणा," तो म्हणाला. "अर्धी अर्धी गोळी. कुणाला कळणार नाही. माझ्या घरी प्रयोग झालाय."

संध्याकाळी बायको आली. पिशवी दाराशी टेकवली, चपला काढल्या, आणि "दमले बाई" म्हणत बाहेरच्या खोलीत त्याच्या खुर्चीत बसली. त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं. "बस तू, मी ठेवतो चहा," म्हणून तो आत गेला. पाणी उकळलं, पत्ती पडली, दूध पडलं. दोन कप मांडले. ओट्यावर रिकामी डबी होती, वरच्या फळीवर आठ भरलेल्या आणि एक फोडलेली. त्यानं रिकामी उचलली, कपावर धरली आणि दाबली. टक. टक. मग चमचा घेतला आणि ढवळायला लागला.

बाहेरून आवाज आला, "एक कमी पडली हो!"